सरकारी वृत्तसंस्थेची बातमी: कशी वाचायची, कशी लावायची, कधी बाजूला ठेवायची

प्रश्न असा आहे: "आम्ही चौघं मिळून बातम्यांचं एक छोटं मराठी संकेतस्थळ चालवतो. परदेशातल्या एका सरकारी वृत्तसंस्थेकडून मजकूर, फोटो आणि व्हिडिओ फुकट देण्याचा प्रस्ताव आला आहे. घ्यावा का? तसं पाहिलं तर बीबीसीला सरकारचा पैसा, फ्रान्सच्या एएफपीलाही सरकारचा पैसा. मग चीनची शिन्हुआ आणि रशियाची तास यांनाच वेगळं का काढायचं?"

आधी थोडक्यात उत्तर. मजकूर पाहायला, वाचायला, गरज पडल्यास वापरायला हरकत नाही. पण तो त्या सरकारचं म्हणणं म्हणून, संस्थेचं नाव घेऊन वापरायचा. आणि फुकट कराराच्या अटी वाचल्याशिवाय सही करायची नाही. आता सविस्तर.

मालकी कोणाची, हा प्रश्न पहिला विचारला की गोंधळ होतो, कारण सरकारचा पैसा बऱ्याच ठिकाणी असतो. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. संपादकाला नेमतं कोण आणि काढू कोण शकतं? पैसा बंद करण्याचा अधिकार एकाच हातात आहे का? आणि पैसे देणाऱ्याला झोंबेल अशी बातमी त्या संस्थेने स्वतःहून, पहिल्या दिवशी दिल्याचं उदाहरण आहे का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर छान रंगवता येतात, तिसऱ्याचं उत्तर जुन्या अंकांत सापडतं.

एएफपीचं पाहा. १९४० मध्ये हाव्हास या जुन्या फ्रेंच संस्थेचा वृत्तविभाग जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने आपल्या ताब्यात घेतला. १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाल्यावर एएफपी उभी राहिली. हा अनुभव ताजा असल्यामुळेच १० जानेवारी १९५७ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की ही संस्था कोणत्याही वैचारिक, राजकीय किंवा आर्थिक गटाच्या ताब्यात जाता कामा नये. तिचा प्रमुख संचालक मंडळ निवडतं आणि त्या मंडळात वृत्तपत्रांचे व कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी असतात. सरकारचेही असतात, पण सरकार एकटं काही ठरवू शकत नाही. फ्रेंच सरकार वर्गणीही भरतं आणि लोकसेवेच्या कामाची भरपाई म्हणून वेगळी रक्कमही देतं. म्हणजे पैसा आहे, पण मध्ये भिंत आहे.

बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसला २०१४ पर्यंत थेट ब्रिटिश परराष्ट्र खात्याचं अनुदान होतं. मग तो खर्च परवाना शुल्कातून, म्हणजे टीव्ही असलेल्या घरांनी भरलेल्या पैशातून, होऊ लागला, आणि २०१५ मध्ये सरकारने पुन्हा २०२० पर्यंतच्या काळासाठी २८ कोटी ९० लाख पौंड जाहीर केले. २ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालेली बीबीसी मराठी याच विस्तारातून आली. तेव्हा "बीबीसीला सरकारी पैसा" हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. तिथे दबावही येतो: इराक युद्धाच्या वार्तांकनावरून झालेल्या हटन चौकशीच्या अहवालानंतर जानेवारी २००४ मध्ये बीबीसीचे अध्यक्ष आणि महासंचालक दोघांनाही पद सोडावं लागलं. पण वाद कशामुळे पेटला होता? ब्रिटिश सरकारच्या शस्त्रास्त्रांच्या दाव्यांवर शंका घेणारी बातमी बीबीसीने लावली म्हणून. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं.

भिंत पडूही शकते, आणि एका सहीने पडते. रशियाची रिया नोवोस्ती ही वृत्तसंस्था सरकारीच होती, तरी तिच्या डेस्कवर बऱ्यापैकी मोकळीक होती. ९ डिसेंबर २०१३ ला पुतिन यांच्या हुकुमाने ती बरखास्त झाली आणि तिच्या जागी दमित्री किसेल्योव्ह या सरकारधार्जिण्या टीव्ही सूत्रसंचालकाच्या हाताखाली रोसिया सेवोद्न्या आली. पुढच्या वर्षी तिनेच परदेशांसाठी स्पुतनिक ही वृत्तसेवा सुरू केली. अमेरिकेत व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी प्रसारण संस्थेला १९७६ ची सनद आहे, १९९४ चा कायदा आहे, त्यात संपादकीय भिंतीची तरतूद आहे. तरीही मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशानंतर एक हजारावर कर्मचारी एका दिवसात रजेवर पाठवले गेले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. म्हणून एखाद्या संस्थेबद्दलचं मत एकदाच बनवून पुरत नाही, दरवर्षी तपासावं लागतं.

छुपा पैसा हा आणखी वेगळा प्रकार. रॉयटर्स ही खासगी संस्था, १९४१ पासून विश्वस्त तत्त्वांची, म्हणजे स्वातंत्र्य आणि निष्पक्षता जपण्याची, शपथ घेतलेली. पण १९६०-७० च्या दशकांत ब्रिटिश सरकारने मध्यपूर्व आणि लॅटिन अमेरिकेतल्या तिच्या सेवेसाठी पैसा पुरवला, आणि तो दिसू नये म्हणून बीबीसीच्या वाढीव वर्गणीच्या रूपात दिला. हे २०२० मध्ये कागदपत्रं खुली झाल्यावर बाहेर आलं. नाव खासगी आहे एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही, हे त्यावरून लक्षात यावं.

आता शिन्हुआकडे. तुमच्या प्रस्तावासारखे प्रस्ताव जगभर तिथून जातात, म्हणून जरा थांबून पाहू.

१९३१ मध्ये जिआंग्शी प्रांतातल्या रुईजिनमध्ये 'लाल चीन वृत्तसंस्था' म्हणून ती सुरू झाली आणि १९३७ मध्ये तिला शिन्हुआ, म्हणजे 'नवा चीन', हे नाव मिळालं. चीनच्या मंत्रिमंडळाखाली तिचा दर्जा मंत्रालयाच्या बरोबरीचा आहे. तिचा अध्यक्ष कम्युनिस्ट पक्ष नेमतो. हाँगकाँगमधली तिची शाखा तर ब्रिटिश राजवटीत चीनच्या अघोषित वकिलातीचं काम करत होती आणि २००० मध्ये तिचं अधिकृत संपर्क कार्यालय झालं. १९ फेब्रुवारी २०१६ ला शी जिनपिंग एकाच दिवशी पक्षाचं मुखपत्र पीपल्स डेली, शिन्हुआ आणि सीसीटीव्ही ही सरकारी दूरचित्रवाणी यांच्या कार्यालयांत गेले आणि पक्षाची माध्यमं पक्षाच्याच आडनावाची असली पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. इथे भिंतीचा दावाच कोणी करत नाही. शिन्हुआवर खोटेपणाचा आरोप करण्याआधी हे मान्य करायला हवं: ती काय आहे हे तिने लपवलेलं नाही.

शिन्हुआचे बातमीदार दोन वाहिन्यांसाठी लिहितात, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. एक मजकूर जगासाठी. दुसरा 'नेइत्सान', म्हणजे अंतर्गत संदर्भ, फक्त नेत्यांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी. भ्रष्टाचार, दंगा, साथीचा रोग, कारखान्यातली गडबड यांची खरी माहिती या दुसऱ्या वाटेने वर जाते. म्हणजे संस्थेला माहीत नसतं असं नाही. बातमी असते, ती तुमच्यासाठी नसते. शिवाय मोठ्या घटनेच्या वेळी 'तोंगगाओ' निघतो, म्हणजे शिन्हुआचा प्रमाणित मजकूर, आणि देशातल्या इतर माध्यमांना तोच वापरायला सांगितलं जातं. म्हणून चीनमधल्या दहा वृत्तपत्रांनी तीच बातमी दिली याचा अर्थ दहा ठिकाणांहून खात्री झाली असा होत नाही. स्रोत एकच असतो, छापखाने दहा.

२८ जुलै १९७६ ला तांगशानमध्ये भूकंप झाला. २ लाख ४२ हजारांवर माणसं गेली. हा आकडा शिन्हुआने प्रसिद्ध केला नोव्हेंबर १९७९ मध्ये, तीन वर्षांहून अधिक काळाने. जुनं उदाहरण वाटत असेल तर गलवान आठवा. १५ जून २०२० च्या रात्रीच्या झटापटीत आपले २० जवान हुतात्मा झाले, हे भारताने दुसऱ्या दिवशी सांगितलं. चीनच्या सरकारी माध्यमांनी आपल्या बाजूच्या चार मृत सैनिकांची नावं १९ फेब्रुवारी २०२१ ला दिली. मधल्या आठ महिन्यांत शिन्हुआच्या फीडमध्ये सीमेबद्दल मजकूर नव्हता असं नाही, भरपूर होता: बैठका, निवेदनं, प्रवक्त्याची उत्तरं. त्यातलं वाक्य अन् वाक्य त्या त्या प्रवक्त्याने खरोखरच उच्चारलेलं होतं. फक्त मुख्य गोष्ट नव्हती.

हेच माझं मुख्य सांगणं आहे. सरकारी वृत्तसंस्थेचा प्रभाव खोट्या बातमीतून जेवढा येतो, त्याच्या कितीतरी पट न आलेल्या बातमीतून येतो. खोटी बातमी पकडता येते, तिच्यावर खुलासा मागता येतो. न आलेली बातमी डेस्कवर बसलेल्या उपसंपादकाला दिसतच नाही. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे झाला. तासचं पहिलं निवेदन आलं २८ एप्रिलच्या संध्याकाळी, तेही मोजक्या वाक्यांचं, आणि तेही त्या सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग सापडल्यावर. तुर्कस्तानात ३१ मार्च २०१९ च्या स्थानिक निवडणुकीच्या रात्री मतमोजणीचे आकडे पुरवण्याचं काम प्रामुख्याने सरकारी अनादोलू संस्थेकडे होतं. इस्तंबूलमध्ये ९८ टक्क्यांहून अधिक मोजणी झाली, विरोधी पक्षाचे इमामोग्लू बरोबरीला आले, आणि आकडे थांबले. कित्येक तास पडद्यावर तेच आकडे गोठलेले. अनादोलूने त्या रात्री एकही चुकीचा आकडा दिला नाही असं धरलं, तरी त्या थांबण्यानेच काय व्हायचं ते झालं.

हे देशाबाहेर कसं पोचतं? शिन्हुआ जेव्हा स्वतःच्या नावाने, थेट आपल्याशी बोलायला जाते तेव्हा ते बहुधा फसतं. डोकलाममधल्या भारत-चीन तणावाच्या वेळी, १६ ऑगस्ट २०१७ ला, तिने 'भारताची सात पापं' अशा अर्थाचा एक इंग्रजी व्हिडिओ काढला. त्यात एका माणसाला पगडी आणि खोटी दाढी लावून भारतीय म्हणून उभं केलं होतं. भारतात कोणाचं मत त्याने बदललं नाही, उलट संताप झाला. पण तोच मजकूर दुसऱ्याच्या मथळ्याखाली, दुसऱ्याच्या आवाजात आला की लोक सहज वाचतात. चिनी भाषेत यासाठी 'उसनी होडी घेऊन समुद्रात जाणं' असा वाक्प्रचारच आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये रॉयटर्सच्या शोधबातमीने दाखवलं की १४ देशांतली किमान ३३ रेडिओ केंद्रं चीनच्या सरकारी चायना रेडिओ इंटरनॅशनलचे कार्यक्रम लावत होती, आणि मधल्या खासगी कंपन्यांमुळे श्रोत्यांना त्याचा पत्ता नव्हता.

दुसरा मार्ग भागीदारीचा. दक्षिण आफ्रिकेतल्या इंडिपेंडंट मीडिया या मोठ्या वृत्तपत्रसमूहात २०१३ पासून चिनी सरकारी गुंतवणूकदारांचा २० टक्के वाटा होता. सप्टेंबर २०१८ मध्ये आझाद एसा या स्तंभलेखकाने चीनच्या शिनजियांगमधल्या उइगुर मुस्लिमांवर लिहिलं. लेख छापील अंकात आला, संकेतस्थळावर चढला नाही, आणि पाठोपाठ त्यांचा स्तंभच बंद झाला. वीस टक्के. बहुमताच्या जवळपासही नाही.

तिसरा मार्ग मजकुराच्या देवाणघेवाणीचा, आणि तो तुमच्या प्रस्तावाच्या सगळ्यात जवळचा. नेपाळच्या राष्ट्रिय समाचार समिती या सरकारी वृत्तसंस्थेचं शिन्हुआशी सहकार्य आहे. मे २०१९ मध्ये या समितीच्या तीन पत्रकारांवर चौकशी बसली. त्यांचा गुन्हा एवढाच की दलाई लामा रुग्णालयातून घरी परतल्याची बातमी त्यांनी भाषांतर करून फिरवली. ती खरी होती, जगभर आलेली होती. पण नेपाळ सरकारला ती आपल्या चीनविषयक धोरणाच्या विरुद्ध वाटली. त्या डेस्कवरचे बाकीचे लोक यानंतर दलाई लामांची पुढची बातमी घेताना काय विचार करतील, ते वेगळं सांगायला नको. तिथे पुन्हा चौकशी बसवायची गरजही पडणार नाही.

फुकट देण्याचं अर्थकारण समजून घ्यायचं तर हंगेरी पाहा. २०११ पासून तिथल्या एमटीआय या सरकारी वृत्तसंस्थेने आपली सेवा विनामूल्य केली. चांगली गोष्ट वाटते. पण फुकट मालासमोर विकत माल टिकत नाही. पैसे घेऊन बातम्या देणाऱ्या स्वतंत्र संस्थेला बाजारच उरत नाही, छोटी केंद्रं आपला बातमीदार ठेवणं बंद करतात, आणि काही वर्षांनी सगळ्यांच्या बातम्यांची पहिली ओळ एकाच कार्यालयात लिहिली जाते. चौघांच्या डेस्कवर हे लवकर होतं. रोज ४० तयार बातम्या येऊ लागल्या की पीटीआयची (प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया) वर्गणी जड वाटू लागते, मग ती सुटते, आणि पडताळणीसाठी हाताशी दुसरं काहीच राहत नाही. फुकट सेवेचा हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तो पहिल्या वर्षी दिसत नाही.

शिन्हुआने एकदा उलट दिशेनेही हे करून पाहिलं. सप्टेंबर २००६ मध्ये तिने नियम काढला की परदेशी वृत्तसंस्थांनी चीनमध्ये आपल्या बातम्या आणि आर्थिक माहिती फक्त शिन्हुआमार्फत वितरित करायची. म्हणजे स्पर्धकच नियामक. अमेरिका, युरोपीय संघ आणि कॅनडा जागतिक व्यापार संघटनेत गेले, आणि नोव्हेंबर २००८ च्या तडजोडीत आर्थिक माहितीपुरतं नियमन शिन्हुआकडून काढून घेतलं गेलं.

आपल्याकडचंही सांगायला हवं, नाहीतर हे फक्त परदेशाबद्दलचं बोलणं होईल. पीटीआय १९४७ मध्ये नोंदली गेली, १ फेब्रुवारी १९४९ पासून काम करू लागली आणि तिचे मालक वृत्तपत्रंच आहेत. आणीबाणीत, फेब्रुवारी १९७६ मध्ये, पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही संस्था एकत्र करून 'समाचार' ही एकच संस्था केली गेली. देशभरातल्या डेस्कवर एकाच तारेने बातमी येऊ लागली. चार संस्था पुन्हा वेगळ्या झाल्या त्या १४ एप्रिल १९७८ ला. आणि मालकी वृत्तपत्रांची असली तरी मोठा ग्राहक सरकारी असतो, हे २०२० मध्ये दिसलं. गलवाननंतर पीटीआयने चीनच्या राजदूतांची मुलाखत घेतली, त्यावर प्रसार भारती या सरकारी प्रसारण संस्थेने तिला कडक शब्दांत पत्र लिहून संबंधांचा फेरविचार करण्याचं कळवलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पीटीआय व यूएनआय दोघांची वर्गणी बंद करून नव्या निविदा मागवल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसार भारतीचा करार हिंदुस्थान समाचारशी झाला. प्रतिस्पर्धी देशाच्या राजदूताला प्रश्न विचारणं हे वृत्तसंस्थेचं कामच आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी तिचा सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक हातचा जावा, हे वाचकाच्या हिताचं नाही.

बीजिंगमधल्या आपल्या माणसांचं काय झालं, हेही तुमच्या कामाशी थेट जोडलेलं आहे. २०१६ मध्ये भारताने शिन्हुआच्या तीन पत्रकारांचा व्हिसा वाढवला नाही, त्यांतले दोघे मुंबईत होते. २०२३ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या उरलेल्या पत्रकारांचे व्हिसा रोखले आणि जूनमध्ये पीटीआयच्या बातमीदारालाही बीजिंग सोडायला सांगण्यात आलं. आपला माणूस तिथे नसला की चीनची बातमी मराठीत यायला दोनच वाटा राहतात: शिन्हुआ, किंवा पाश्चात्त्य संस्था. नाशिकच्या कांदा निर्यातदाराला किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला चीनमध्ये काय चाललंय हे जाणून घ्यायचं असेल तर त्याचे प्रश्न या दोघांनाही पडलेले नसतात.

आता डेस्कवरचं काम.

मराठी वृत्तपत्रांत एक जुनी सवय आहे, ती सर्वांत आधी मोडा. बातमीवर नुसतं 'वृत्तसंस्था, बीजिंग' असं लिहायची. ती रॉयटर्सची आहे, पीटीआयची आहे की शिन्हुआची, वाचकाला कळतच नाही. उसनी होडी म्हणतात ती हीच, आणि ती आपण स्वतःच्या हाताने रंगवून देतो. समजा अशी कॉपी आली: "बीजिंग (पीटीआय): उत्तर चीनमधील एका खाणीत झालेल्या स्फोटात ११ कामगार ठार झाले, असे सरकारी शिन्हुआ वृत्तसंस्थेने स्थानिक अधिकाऱ्यांच्या हवाल्याने सांगितले." या एका वाक्यात तीन थर आहेत: अधिकारी, शिन्हुआ, पीटीआय. जागा कमी म्हणून ती अशी लागते: "वृत्तसंस्था, बीजिंग: उत्तर चीनमध्ये खाणीत स्फोट होऊन ११ कामगार ठार झाले." अकरा शब्दांत दोन थर गळाले आणि अधिकाऱ्याचा दावा वस्तुस्थिती झाला. 'स्थानिक अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार' हे तीन शब्द इंट्रोतून, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदातून, कधीही कापायचे नाहीत. कापायचंच असेल तर शेवटचा परिच्छेद कापा. आणि मोबाइलवर जाणारा इशारा व मथळा वेगळा तपासा, कारण हवाला तिथेच सर्वाधिक वेळा गळतो.

मग शब्द. यंत्राने केलेलं भाषांतर इथे फार घात करतं, कारण ते शब्दामागचा दावा पाहत नाही. शिन्हुआच्या इंग्रजी मजकुरात २०२३ च्या अखेरीपासून तिबेट हा शब्द जवळजवळ दिसत नाही, त्याजागी 'शीझांग' येतं. मराठीत तसंच 'शीझांग' लागलं तर वाचकाला कळतही नाही की ही बातमी तिबेटची आहे. तिबेट लिहा. अरुणाचल प्रदेशाला तिथे 'झांगनान' म्हणतात, म्हणजे दक्षिण तिबेट, आणि चीनच्या नागरी व्यवहार मंत्रालयाने अरुणाचलमधल्या ठिकाणांना स्वतःची नावं देण्याच्या याद्या २०१७ मध्ये ६, २०२१ मध्ये १५, २०२३ मध्ये ११, २०२४ मध्ये ३० आणि २०२५ मध्ये २७ अशा काढल्या. एखाद्या अनोळखी गावाचं नाव आलं की ते यातलं तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय लावू नका. तैवानच्या राष्ट्राध्यक्षांना 'तैवान प्रदेशाचे नेते' म्हटलेलं असतं. 'पुनर्एकीकरण' या शब्दात तर सगळा वाद आधीच निकाली काढलेला आहे, कारण तैवान चीनच्या लोकप्रजासत्ताकात कधीच नव्हता. शब्द वापरावाच लागला तर अवतरणात, 'चीन ज्याला म्हणतो' असं जोडून. तासच्या मजकुरात युक्रेनच्या युद्धाला 'विशेष लष्करी कारवाई' म्हटलेलं असतं. मराठीत त्याला युद्ध म्हणायचं.

नकाशे आणि ग्राफिक हा तर कायद्याचा प्रश्न आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत सीमा दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे. अक्साई चीन किंवा अरुणाचल वेगळा दाखवणारं तयार ग्राफिक फीडमधून उचललं तर जबाबदारी संस्थेची नाही, तुमची. व्हिडिओतही पार्श्वभूमीला नकाशा असतो, तोही पाहायचा. साधा नियम ठेवा: परदेशी सरकारी संस्थेचा नकाशा कधीच नाही, स्वतः काढायचा.

एवढं सगळं असूनही या संस्था उपयोगाच्या आहेत, आणि काही गोष्टींत त्यांच्याशिवाय दुसरा स्रोतच नाही. चीनमधली मोठी नेमणूक, पक्षाच्या बैठकीचं अधिकृत निवेदन, कायद्याचा मजकूर, निर्यातबंदीची घोषणा: यासाठी शिन्हुआच मूळ कागद आहे. क्रेमलिनचं म्हणणं शब्दशः हवं असेल तर तास. कोणाचं नाव आधी घेतलं, कोणतं विशेषण गेल्या वर्षी होतं आणि या वर्षी गळालं, कोणत्या नेत्याचा उल्लेखच थांबला, हे वाचणारा माणूस डेस्कवर असेल तर या फीडमधून खूप काही कळतं. अपघात, आंदोलन, रोगाची साथ, सीमेवरची चकमक, मृतांचे आकडे यांसाठी मात्र एकट्या सरकारी संस्थेवर बातमी उभी करायची नाही. दुसरा स्वतंत्र स्रोत मिळेपर्यंत थांबायचं, किंवा 'चीन सरकारचा दावा' असं मथळ्यातच म्हणायचं.

बंदी घालावी का, असंही तुम्ही पुढे कधी विचाराल. युरोपीय संघाने २ मार्च २०२२ पासून आरटी ही रशियन सरकारी वाहिनी आणि स्पुतनिक यांचं प्रसारण बंद केलं, युरोपातल्या वृत्तसंस्थांच्या संघटनेने त्याआधीच, फेब्रुवारी संपता संपता, तासचं सदस्यत्व स्थगित केलं होतं, आणि रॉयटर्सने मार्चमध्ये आपल्या वितरण मंचावरून तासचा मजकूर काढला. ब्रिटनच्या ऑफकॉम या प्रसारण नियामकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सीजीटीएन या चीनच्या सरकारी इंग्रजी वाहिनीचा परवाना काढला तो मजकुरावरून नव्हे. परवाना ज्या कंपनीच्या नावावर होता तिच्या हातात संपादकीय नियंत्रणच नव्हतं, आणि खरं नियंत्रण पक्षाकडे असल्यामुळे तो परवाना दुसरीकडे देता येत नव्हता. आठवड्याभरातच चीनने बीबीसी वर्ल्ड न्यूज बंद केलं. मला ऑफकॉमची वाट अधिक पटते: बातमी आवडली की नाही यात न शिरता, निर्णय कोणाच्या हातात आहे एवढंच विचारणारी.

तुमच्या प्रस्तावाचा करार मागवा आणि त्यात या गोष्टी लेखी आहेत का ते पाहा. मजकूर कापण्याचा, बदलण्याचा आणि न लावण्याचा पूर्ण अधिकार तुमचा असावा. दररोज किंवा दरमहा अमुक इतक्या बातम्या लावायच्याच, अशी अट असेल तर तिथेच थांबा. संस्थेचं नाव प्रत्येक बातमीवर दिसेल अशी तरतूद तुम्ही स्वतः घाला, ते नको म्हणाले तर कारण विचारा. त्याच विषयावर इतर स्रोत वापरण्यावर बंधन नको. तुमच्या बातम्या त्यांना परत द्यायच्या असतील तर त्या कुठे, कोणत्या बदलांसह लागतील हे ठरलेलं हवं, नाहीतर तुमच्या नावाने एक वाक्य उचलून 'भारतीय माध्यमं म्हणतात' असं तिकडे लागू शकतं. प्रशिक्षण, दौरा, जाहिरात यांतलं काही याच्याशी जोडलेलं असेल तर ते वेगळं काढा आणि वाचकांना सांगा. जाहिरात असेल तर 'जाहिरात' हाच शब्द, मोठ्या अक्षरात. एक महिन्याच्या सूचनेवर करार सोडता आला पाहिजे. गुंतवणुकीचा विषय निघाला तर लक्षात ठेवा की डिजिटल बातम्यांच्या कंपनीत परदेशी भांडवलाला २६ टक्क्यांची मर्यादा आहे आणि त्यालाही सरकारची परवानगी लागते. त्यासाठी सनदी लेखापाल आणि वकील दोघांना आधी विचारा.

सही करण्याआधी दोन आठवड्यांची चाचणी मागा. रोज त्यांच्या फीडमधल्या सगळ्या बातम्यांचे मथळे एका वहीत उतरवा आणि शेजारच्या रकान्यात त्याच दिवशी त्या देशाबद्दल पीटीआय, एएफपी आणि रॉयटर्सने काय दिलं ते लिहा. पहिल्या रकान्यात जिथे जागा रिकामी राहील तिथे लाल खूण करा. चौदाव्या दिवशी फक्त लाल खुणा वाचा.